परत न येणे आणि पोहोचणे

आपले बोलणे पोहोचले आहे, हे बोलणाऱ्याला स्वतःच्या जागेवर बसून, ऐकणाऱ्याला न विचारता, कळू शकते काय? भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या खरेपणाबद्दल, म्हणजे प्रामाण्याबद्दल, जो दीर्घ वाद चालला त्याच्या मुळाशी याच जातीचा प्रश्न होता: एखादे ज्ञान खरे आहे याची खात्री त्या ज्ञानातच सामावलेली असते, की ती बाहेरून, दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने मिळवावी लागते. पहिल्या मताला स्वतःप्रामाण्यवाद आणि दुसऱ्याला परतःप्रामाण्यवाद म्हणतात. मीमांसक पहिल्याचे पुरस्कर्ते आणि नैयायिक दुसऱ्याचे. हा वाद बहुधा शिंपल्यात भासणारी चांदी किंवा डोंगरावर दिसणारा धूर अशा ठरावीक दृष्टांतांवर शिकवला जातो, आणि त्यामुळे तो पोथीपुरताच आहे असे अभ्यासकालाही हळूहळू वाटू लागते. वस्तुतः हौशी रेडिओच्या एका अगदी व्यावहारिक कामात, म्हणजे आखूड तारेची अँटेना प्रेषकाशी जुळवण्याच्या कामात, हा वाद ओहममध्ये मोजता येईल इतक्या ठोस रूपात उभा राहतो, आणि तेथे कोणाचे म्हणणे कुठपर्यंत टिकते हे तपासून पाहण्याजोगे आहे.

हौशी रेडिओ, ज्याला रूढ भाषेत हॅम रेडिओ म्हणतात, म्हणजे शासनाचा परवाना मिळवलेल्या व्यक्तींनी, कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय, नेमून दिलेल्या कंप्रतांवर एकमेकांशी साधलेला संपर्क. या छंदाची एक शाखा घराबाहेर, पाठीवरच्या पिशवीत मावेल एवढ्या सामानावर चालते; ब्रिटनमध्ये 2002 साली सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमाने डोंगरमाथ्यांवरून संपर्क साधण्याच्या प्रकाराला अनेक देशांत अनुयायी मिळवून दिले. अशा संचातला प्रेषक बहुधा पाच वॉटचा, म्हणजे घरातल्या लहानशा एलईडी दिव्याएवढ्या शक्तीचा असतो. सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी सुमारे 42 मीटर भरते, आणि तिच्या निम्म्या लांबीची तार मधोमध तोडून दोन्ही बाजूंना ताणली की अर्धतरंग डायपोल ही सर्वांत सरळ, सर्वांत समाधानकारक अँटेना तयार होते. परंतु उघड्या माथ्यावर वीस मीटर तार उंच ताणायला झाडे नसतात, जागा नसते, वारा असतो. म्हणून घडीच्या काठीला बांधलेली पाचेक मीटरची उभी तार आणि जमिनीवर पसरलेल्या दोनचार तारा एवढ्यावर भागवावे लागते.

आखूड तारेची अडचण समजण्यासाठी दोन संज्ञा ध्यानात घ्याव्या लागतात. तारेत सोडलेल्या प्रवाहाची जी शक्ती लहरींच्या रूपाने अवकाशात निघून जाते, ती प्रेषकाच्या दृष्टीने एखाद्या रोधात खर्ची पडल्यासारखीच असते, म्हणून तिचा हिशेब प्रारण-रोध या कल्पित रोधाने मांडतात; अवकाशात एकट्या असलेल्या अर्धतरंग डायपोलचा प्रारण-रोध सुमारे 73 ओहम असतो, तर सात मेगाहर्ट्झवर पाच मीटरच्या उभ्या तारेचा जेमतेम सहा. दुसरी संज्ञा रिॲक्टन्स, म्हणजे शक्ती खर्च न करता ती साठवून पुन्हा मागे ढकलण्याची तारेची प्रवृत्ती. आखूड तार कपॅसिटरसारखी वागते आणि या उदाहरणात तिचा रिॲक्टन्स सहाशे ओहमच्या घरात जातो, त्यामुळे प्रेषकाने दिलेल्या शक्तीतली बहुतेक तारेच्या तोंडाशी जाऊन परत फिरते. हा परतावा थांबवण्यासाठी तारेच्या मुळाशी साधारण 13 मायक्रोहेन्रीची कॉइल घालतात, कारण कॉइलचा रिॲक्टन्स कपॅसिटरच्या उलट चिन्हाचा असतो आणि दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात. त्यानंतरही जो शुद्ध रोध उरतो तो प्रेषकाला अपेक्षित असलेल्या 50 ओहमच्या बरोबरीला आणायचे काम एक कॉइल आणि एक कपॅसिटर यांच्या जोडणीकडे, म्हणजेच ट्यूनरकडे, सोपवलेले असते. या सर्व खटाटोपाला जुळणी म्हणतात.

जुळणी झाली की नाही हे सांगणारे मापक प्रेषकापाशीच बसवलेले असते, आणि पुढच्या विवेचनाचा सारा भार या एका वस्तुस्थितीवर आहे. केबलमधून पुढे जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून जे चढउतार निर्माण होतात त्यांचे गुणोत्तर हे मापक दाखवते. त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात, आणि काहीच परत येत नसेल तर ते एकास एक असते. हात ट्यूनरच्या गुंडीवर, डोळे काट्यावर, आणि काटा हळूहळू खाली येऊन टेकला की काम फत्ते झाले अशी भावना मनात उमटते. ती भावना अगदी स्वाभाविक आहे. तरीही काटा जे सांगतो ते एवढेच, की दिलेली शक्ती परत आलेली नाही. ती कोठे गेली याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते.

शक्ती जाण्याच्या वाटा तीन आहेत. काही भाग लहरी होऊन अवकाशात जातो, काही कॉइलच्या तारेत उष्णता होऊन मुरतो, आणि काही, बहुधा सर्वांत मोठा, अँटेनेखालच्या जमिनीत जिरतो, कारण उभ्या तारेतून वर गेलेल्या प्रवाहाला परतीची वाट जमिनीतूनच शोधावी लागते. कॉइल चांगली गुंडाळलेली असली तरी तिचा रोध तीन ओहमच्या आसपास येतो; जमिनीचा रोध मात्र माती, ओल आणि पसरलेल्या तारांची संख्या यांप्रमाणे फार बदलतो. समजा, कोरड्या खडकाळ माथ्यावर एकच तार टाकली आणि जमिनीचा रोध 41 ओहम भरला. तर सहा, तीन आणि 41 मिळून नेमके 50 ओहम होतात, ट्यूनरची गरजही उरत नाही, एसडब्ल्यूआर एकास एक दिसतो, आणि पाच वॉटपैकी अवकाशात जातो फक्त 0.6 वॉट. आता त्याच तारेखाली आणखी दहाबारा तारा, ज्यांना रेडियल म्हणतात, चहूबाजूंना पसरल्या आणि जमिनीचा रोध अकरावर आला असे धरू. एकूण रोध 20 ओहम झाला. काटा वर चढून अडीचास एक दाखवू लागला. पूर्वी प्रसन्न दिसणारी अँटेना मापकाच्या भाषेत बिघडली. प्रत्यक्षात तिच्यात शिरलेल्या शक्तीपैकी बारा टक्क्यांऐवजी तीस टक्के आता लहरी होऊन बाहेर पडतात, आणि ट्यूनरने उरलेली तफावत भरून काढली की पाच वॉटमधले सुमारे दीड वॉट दूरच्या माणसाच्या दिशेने निघतात. अँटेना सुधारली की मापक नाराज होते, ही गोष्ट नवशिक्याला इतकी उलटी वाटते की अनेकदा तो जास्तीच्या तारा गुंडाळून ठेवतो. अमेरिकन अभियंते वॉल्टर मॅक्सवेल यांनी 1973 पासून ‘क्यूएसटी’ या मासिकात एक लेखमाला लिहून, कमी एसडब्ल्यूआर हा स्वतःमध्ये काही गुण नव्हे, हे आग्रहाने मांडले होते.

येथे दिसणारे तत्त्व तांत्रिक बारकाव्यापेक्षा मोठे आहे. प्रारण-रोध आणि हानीचा रोध, म्हणजे जगाला दिलेले आणि वाटेत वाया गेलेले, ही दोन्ही देणाऱ्याच्या जागेवरून अगदी एकसारखी दिसतात. सहा ओहमचा ओहम आणि 41 ओहमचा ओहम यांत प्रेषकाला फरक करता येत नाही, कारण फरक करण्याचे साधन त्याच्याकडे नाही. त्याच्याकडे केवळ परताव्याची जाणीव आहे. ज्याच्याकडे केवळ परताव्याची जाणीव आहे, त्याला स्वतःच्या दानाचे फळ कळण्याचा मार्ग तेवढ्यापुरता बंद आहे.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत हा दोष नेमका दाखवता येतो. ‘ही तार लहरी सोडते, कारण शक्ती परत येत नाही’, असे अनुमान काटा पाहणारा मनातल्या मनात करत असतो. यात लहरी सोडणे हे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, आणि परतावा नसणे हा हेतू. हेतू निर्दोष ठरण्यासाठी तो जेथे साध्य नक्की आहे अशा सपक्षात सापडावा आणि जेथे साध्य नक्की नाही अशा विपक्षात सापडू नये, अशी अट आहे. अर्धतरंग डायपोल हा सपक्ष. तेथे हेतू सापडतो. पण प्रत्येक हॅमच्या टेबलावर विपक्षही हजर असतो: डमी लोड, म्हणजे डबीत बंद केलेला 50 ओहमचा साधा रोध, जो प्रेषकाची चाचणी घेताना अँटेनेऐवजी जोडतात. त्याच्यावर एसडब्ल्यूआर निर्दोष एकास एक येतो आणि त्यातून लहरी म्हणून जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. तो तापतो, एवढेच. सपक्ष आणि विपक्ष अशा दोन्हींकडे सापडणाऱ्या हेतूला सव्यभिचार किंवा अनैकांतिक हेत्वाभास म्हणतात. डोंगर ज्ञेय आहे म्हणून तेथे अग्नी आहे, असे म्हणण्यात जी चूक आहे तीच येथेही होते, कारण ज्ञेय तर अग्नी नसलेला तलावही असतो.

नैयायिक केवळ चूक दाखवून थांबत नाहीत, ती कशामुळे झाली हेही विचारतात, आणि त्यासाठी त्यांनी घडवलेली उपाधीची संकल्पना या विषयाला अचूक लागू पडते. जेथे अग्नी तेथे धूर, असे कोणी म्हणाले तर ते खोटे, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. ओल्या सरपणाचा संयोग ही येथे उपाधी, म्हणजे जी गोष्ट साध्याबरोबर नेहमी असते पण हेतूबरोबर नेहमी नसते आणि म्हणून त्या दोघांचा दिसणारा संबंध प्रत्यक्षात तीच जोडत असते. आखूड तारेच्या बाबतीत ही उपाधी म्हणजे एकूण रोधातला प्रारण-रोधाचा वाटा. लहरी भरपूर निघतात तेथे हा वाटा मोठा असतोच. परतावा नसतो तेथे तो मोठा असेलच असे नाही. वीस मीटरच्या डायपोलवर शिकलेल्या माणसाने जन्मभर एसडब्ल्यूआर आणि पोहोच हातात हात घालून चाललेली पाहिलेली असतात, कारण तेथे ओले सरपण नेहमीच हजर होते. तार आखूड झाली की सरपण वाळते आणि जुनी साहचर्ये फसवू लागतात. हेरल्ड व्हीलर यांनी 1947 मध्ये आणि एल. जे. चू यांनी 1948 मध्ये लहान अँटेनांच्या मूलभूत मर्यादा मांडल्या. त्यांचा इत्यर्थ असा, की लहान आकार, चांगली कार्यक्षमता आणि रुंद कंप्रतापट्टा ही तीनही एकाच वेळी मिळत नाहीत. म्हणून आखूड तार पोर्टेबल संचात अवचित फार रुंद पट्ट्यात सहज जुळू लागली, तर आनंद मानण्याआधी हानी कोठे वाढली ते शोधणे शहाणपणाचे ठरते.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धी नावाचे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे: एखादी वस्तू न आढळणे हेच तिच्या अभावाचे ज्ञान करून देते. काट्याचे खाली टेकणे हे अनुपलब्धीचेच रूप आहे, आणि ज्या अभावाबद्दल ते बोलते त्याबाबत ते विश्वसनीयही आहे. मात्र तेथेही एक अट आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिचे न दिसणे पुरावा ठरते. उजेडात मडके न दिसणे आणि अंधारात न दिसणे सारखे नाही. या अटीमुळे तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. बारीक आणि लांब केबल ही रेडिओतली अशीच अंधारी खोली आहे. जाताना निम्मी शक्ती खाणारी केबल येतानाही उरलेल्यातली निम्मी खाते. तिचे दुसरे टोक तुटून उघडे पडले, म्हणजे अँटेनाच उरली नाही, तरी मापकापर्यंत चौथा हिस्साच परत पोहोचतो आणि एसडब्ल्यूआर तिनास एक एवढाच दिसतो. परतावा वाटेतच मेला, तर त्याची अनुपस्थिती कशाचीही साक्ष देत नाही.

काट्याच्या समाधानाला धर्मशास्त्रात एक जवळचा नातलग आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माच्या मुळांची गणना करताना वेद, स्मृती, शील आणि सज्जनांचा आचार यांच्यानंतर आत्मतुष्टी, म्हणजे स्वतःच्या मनाचे समाधान, हेही एक मूळ म्हणून सांगितले आहे. उपासनेनंतर लाभणारी शांतता, निर्णयानंतर मनात काहीही खटकत न राहणे, याला किती मोल द्यावे, हा प्रश्न त्यामुळे श्रद्धावान माणसाला टाळता येत नाही. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी तंत्रवार्तिकात त्याचे जे उत्तर दिले ते विचारात घेण्यासारखे आहे: वेदाध्ययनाने ज्यांची बुद्धी संस्कारित झाली आहे अशांचीच आत्मतुष्टी प्रमाण मानावी. म्हणजे समाधान खोटे नाही. पण ते कोणाचे आहे आणि कोणत्या घडणीतून आले आहे हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ लावता येत नाही. ज्याने जमिनीचा रोध मोजला आहे, कॉइल हाताने चाचपून ती कोमट झाली की गार राहिली हे पाहिले आहे, त्याच्यासाठी एकास एक हा आकडा बोलका असतो. इतरांसाठी तो मुका असतो. मनात काही खटकत नाही, याचे कारण मन निर्मळ आहे हे असू शकते, आणि खटकणारे सारे वाटेतच जिरून जाते हेही असू शकते. या दोन अवस्था आतून सारख्याच भासतात, आणि धार्मिक जीवनातली ही अडचण आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

आणखी एक भ्रम ऐकू येण्याचा आहे. अँटेना शक्ती सोडताना जेवढी कार्यक्षम, तेवढीच ती घेताना, असा व्युत्क्रमाचा नियम भौतिकशास्त्रात पक्का आहे. त्यावरून, मला सर्वांचे स्पष्ट ऐकू येते त्याअर्थी माझेही त्यांना ऐकू जात असणार, असे हॅम समजू लागतो. सात मेगाहर्ट्झसारख्या कंप्रतांवर मात्र वातावरणातली आणि माणसाने निर्माण केलेली खरखर एवढी असते, की अँटेनेतल्या हानीने संदेश आणि खरखर दोन्ही सारख्याच क्षीण होतात आणि दोहोंचे प्रमाण बदलत नाही. ग्राहकाचा, म्हणजे रिसीव्हरचा, आवाज थोडा वाढवला की पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू येते. त्याच हानीने बोलणाऱ्याची शक्ती मात्र खरोखर घटवलेली असते, आणि दूरच्या खरखरीवर मात करण्याचे काम त्या उरलेल्या शक्तीलाच करायचे असते. ऐकण्याची क्षमता बोलण्याच्या पोहोचीची हमी देत नाही.

मग हमी कोण देईल? उत्तर न येणे हे निर्णायक नसते, कारण योग्यतेची अट तेथेही आहे: आयनोस्फिअर त्या वेळी लहरी परावर्तित करत नसेल, कोणी त्या कंप्रतेवर नसेलच, किंवा असलेला दुसऱ्याशी बोलण्यात गुंतला असेल. उत्तर आले तर ते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू व्यक्तीच्या वचनातून मिळालेले ज्ञान. हॅम संपर्कात समोरचा माणूस संदेशाची सुबोधता, तीव्रता आणि मोर्स असेल तर स्वराची शुद्धता असे तीन आकडे सांगतो. पण स्पर्धांमध्ये सर्वांना सर्रास 599 हाच सर्वोच्च रिपोर्ट देण्याची चाल पडली आहे, त्यामुळे वचनाचा आशय जवळजवळ निरुपयोगी होतो. तरीही त्या उत्तरात एक भक्कम पुरावा शिल्लक राहतो: त्याने बोलणाऱ्याचे कॉलसाइन, म्हणजे त्याची ओळखखूण, जी त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणे शक्य नव्हते, बरोबर परत उच्चारले. येथे ज्ञान वचनाच्या अर्थातून नव्हे, वचन घडले यातून मिळते, आणि म्हणून शब्दाला अनुमानात जमा करणाऱ्या वैशेषिकांचे म्हणणे या एका जागी अधिक सयुक्तिक वाटते. भौतिकशास्त्राचे नोबेल-विजेते जोसेफ टेलर यांनी 2008 मध्ये हौशी रेडिओसाठी खुली केलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत याच वाटेने पुढे जाते: प्रेषक सुमारे 110 सेकंद आपले कॉलसाइन, स्थान आणि शक्ती अतिशय मंद गतीने प्रसारित करतो, आणि जगभरातले संगणक जोडलेले ग्राहक ते ऐकू आले तर किती ठळक आले याची नोंद करतात. त्या यंत्रांना कोणाची मर्जी राखायची नसते. रेडियल पसरण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की काटा ज्याबद्दल मौन पाळत होता तेच आकड्यांत उमटते.

परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा जो मोठा आक्षेप आहे तो येथेही टळत नाही. पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा आधार हवा, तर दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि ही अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, कोठे थांबवायची? हॅम संपर्काच्या रीतीत ही साखळी डोळ्यांसमोर दिसते: तुझा रिपोर्ट मला मिळाला असे एकाने सांगायचे, तुझे मिळाले म्हणणे मिळाले असे दुसऱ्याने सांगायचे, आणि या शेवटच्या निरोपाची पोच मात्र कोणीच देत नाही, तरी दोघेही आपापल्या वहीत संपर्काची नोंद करतात. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेले उत्तर या व्यवहाराला चपखल बसते: शंका स्वतःच्याच कृतीला खोटे पाडू लागली की तेथे ती संपली पाहिजे. उदाहरणार्थ, धूर अग्नीतूनच होतो याबद्दल जो खरोखर साशंक आहे तो धुरासाठी सरपण पेटवायला जाणार नाही. श्रीहर्षाने पुढे खंडनखंडखाद्यात यावर प्रतिहल्ला केला, की व्याघात, म्हणजे स्वतःच्याच कृतीशी विरोध, दिसला तर शंका आधीच होती हे सिद्ध होते आणि मग ती थांबेल कशी. तार्किकदृष्ट्या श्रीहर्षाची धार मान्य करूनही, वहीत नोंद करणाऱ्या हाताचा पक्ष उदयनाचाच आहे, आणि स्वतःप्रामाण्याची बाजूही येथे पूर्ण हरत नाही: काट्याने सांगितलेली, परतावा नाही ही गोष्ट तिच्या स्वतःच्या मर्यादेत खरीच होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्यामुळेच ट्यूनरवरचा हात थांबून मोर्सच्या किल्लीकडे वळू शकला.